मांजराची झोप न मोडता

"पार्टी माझ्या खोलीवर करायची. आन् अशी करायची, का खाली मालकाचं मांजर झोपलेलं असतं, त्याचीसुदीक झोप मोडणार न्हाई."

अमृतने हे छातीवर हात ठेवून सांगितलं, तेही ओतूरच्या कॉलेजच्या कट्ट्यावर, टी.वाय.बी.ए.च्या अख्ख्या वर्गासमोर. निरोप समारंभाला कॉलेजचा हॉल मिळत नव्हता, कारण त्यात परीक्षेचे बाक रचून ठेवले होते. बाकीच्यांची घरं लांब लांबच्या गावांत. तेव्हा ओतुरातच राहणाऱ्या कुणीतरी पुढे होणं भाग होतं, आणि अमृत पुढे झाला. टाळ्या पडायला हव्या होत्या, पण सगळे नुसते एकमेकांकडे बघत राहिले.

कारण त्या खोलीचा इतिहास सगळ्यांना पाठ होता. आधीच्या भाडेकरू पोरांनी तिथे अशीच एक पार्टी केली होती. कोंबडीची हाडं शेजारच्या कुशाबाईंच्या पत्र्यावर टाकली आणि असे नाचले, की वरची माती खाली मालकांच्या, म्हणजे गेणभाऊंच्या आमटीत पडली. गेणभाऊंनी आमटी बाजूला ठेवली, वर गेले आणि पोरांच्या पेट्या आळीत आणून ठेवल्या. पुढे दोन वर्षं खोलीला कुलूप. मग साळुबाईंनी, म्हणजे गेणभाऊंच्या मंडळींनी, शब्द टाकला म्हणून अमृतला आणि त्याचा जोडीदार ज्योतिबाला ती मिळाली, तीही एका अटीवर. आळीतून एक जरी तक्रार आली, तरी पेट्या रस्त्यावर!

परीक्षा महिन्यावर आली होती. अमृतचं घर पिंपरी पेंढारच्या शिवारात, एकट्या वस्तीवर. तिथे संध्याकाळी वीज जायची आणि वाटेवरच्या उसात बिबट्या यायचा. २००१ साल होतं, बिबट्याची बातमी रोज कुठून ना कुठून यायचीच. ओतुरात दुसरी खोली मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे खोली गेली की अभ्यास गेला, आणि अभ्यास गेला की वर्ष गेलं. हर्षाली वर्गातली सगळ्यांत शहाणी मुलगी. तिने सरळ विचारलं, की एवढं गळ्याशी आलेलं असताना ही उठाठेव कशाला?

तर त्याचं कारण असं, की "असं केलं तर काय होईल" हे बघितल्याशिवाय अमृतला चैन पडत नसे. लहानपणी त्याने शेळीला गॉगल घालून बघितला होता. शेळीने तो खाल्ला. पण खाल्ला हेही कळलंच ना, असं अमृतचं म्हणणं.

शिवाय या खेपेला त्याच्याकडे युक्ती होती. दिवाळीत तो पुण्याला भरतकडे, म्हणजे थोरल्या भावाच्या फ्लॅटवर राहिला होता. एका संध्याकाळी बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले होते. उद्या मुलाचा वाढदिवस आहे, नऊपर्यंत थोडा आवाज होईल, सांभाळून घ्या, असं ते म्हणाले. भरत "काही हरकत नाही" म्हणाला. दार बंद. अमृत त्या बंद दाराकडे बघतच राहिला. त्यांच्या वस्तीवर सगळ्यांत जवळचा शेजारी एक शेत ओलांडून. तिथे ढोल बडवला तरी कुणी सांगायला येत नाही आणि विचारायलाही येत नाही. आधी सांगायचं, मग आवाज करायचा! याला म्हणतात शेजारधर्म, असं त्याने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

तयारी जोरात झाली. रविवारी दुपारी चार ते साडेसहा, पुढे एक मिनिट नाही. बाटली आणणाऱ्याला जिन्यावरूनच परत पाठवायचं. टेपचा आवाज जिन्याच्या खाली उतरता कामा नये. मुलींना अंधाराच्या आत एसटीत बसवून द्यायचं. भेळ, प्रत्येकी एक पेढा आणि सरबत. ज्योतिबाच्या घरी मेंढरं होती, तेव्हा पायांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून गावाहून घोंगड्या आणून जमिनीवर दोन थरांत अंथरायचं त्याने कबूल केलं आणि तो त्यासाठी गावी गेला. राहिलं शेजाऱ्यांना सांगणं.

परक्या आळीत, बायामाणसांच्या दारात तरण्या पोराने एकट्याने जाणं बरं दिसत नाही. म्हणून अमृतने साळुबाईंना सोबत यायची विनंती केली. रविवारी खोलीवर कार्यक्रम आहे, आळीत सगळ्यांना आधी सांगून यावं म्हणतो, एवढंच तो म्हणाला. साळुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्या आत गेल्या, लुगडं बदललं आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. पुण्यात कुंकू नव्हतं, पण गाव तशी रीत, असा विचार करून अमृत त्यांच्यामागून निघाला.

पहिलं घर कुशाबाईंचं. साळुबाईंनी त्यांना कुंकू लावलं. अमृतने हात जोडून रविवारची वेळ सांगितली. मग पुण्याच्या गृहस्थांनाही सुचलं नसतं असं काही तो विचारू लागला. घरात आजारी कोणी आहे का? लहान मूल? म्हातारं माणूस? कुणाला त्रास व्हायला नको, हा त्यातला हेतू.

"मामंजी हायेत की," कुशाबाई म्हणाल्या. "पण त्यांना दात न्हाईत."

आवाजाचा आणि दातांचा काय संबंध, याचं अमृतला कुतूहल वाटलं. पण कुशाबाई पुढे म्हणाल्या, "आन् बरं का, त्या दिशी आमी चूलच पेटवत न्हाई."

अमृतने पुन्हा हात जोडले. खोलीची खिडकी कुशाबाईंच्या धुराड्यावरच उघडायची. पाहुण्यांना धुराचा त्रास नको म्हणून ही बाई चूल बंद ठेवते! पुण्यात असा शेजार मिळेल का? भरतला हे पत्राने कळवायचं, असं त्याने तिथेच ठरवलं.

पुढच्या घरांतही असंच. कुणी विचारलं, गोडाचं आहे की तिखटाचं? अमृतने खरं तेच सांगितलं, की दोन्ही आहे. कुणी विचारलं, बाहेरगावचे पावणे किती? कुणी आपणहून घरातल्या माणसांची संख्या सांगितली, वर सुनेचा भाऊ आलेला आहे तो धरून. सगळीकडे चहा झाला. लोकांना आपल्या पार्टीत इतका रस का, या विचाराने तो घरोघर जास्तच चक्रावत गेला, पण खूशही होत गेला.

मारुतीच्या देवळाच्या वळणावर साळुबाई थांबल्या. वळणापलीकडे एकच घर, सावळेरामचं. सावळेराम गेणभाऊंचा चुलतभाऊ. विहिरीच्या पाइपलाइनवरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं, ते आजतागायत बंदच. "म्होरं मी न्हाई येणार," एवढं म्हणून साळुबाई माघारी वळल्या. अमृतने अंदाज घेतला. इथवर खोलीचा आवाज येणं शक्य नाही. मग ज्याला त्रासच होणार नाही, त्याला सांगायला जाऊन त्रास कशाला द्यायचा? तोही वळला.

रविवार उजाडला. चार वाजता पोरंपोरी चपला हातात घेऊन जिना चढली. घोंगड्यांवर बसली. टेप लावला, पण तो लागलाय हे टेपाशेजारी बसलेल्यालाच कळत होतं. सगळे कानात बोलत होते. हर्षाली कुजबुजली, की हा निरोप समारंभ आहे का कुणाच्या घरी दुखवट्याला आलोय? अमृतला ती स्तुतीच वाटली.

तेवढ्यात खालून आवाज येऊ लागला. अमृतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

आळी भरली होती! गेणभाऊ धुतलेली टोपी घालून स्वतः सतरंज्या अंथरत होते. पुरुष हातपाय धुऊन रांगेत बसत होते. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात आपापलं ताट आणि तांब्या. कुशाबाईंच्या दात नसलेल्या सासऱ्यांना दोघांनी धरून आणलं आणि रांगेत पहिल्या जागी बसवलं. भूक राहावी म्हणून ते सकाळपासून जेवलेच नव्हते.

अमृत चार चार पायऱ्या सोडत खाली आला. साळुबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, की आचारी कुठल्या बाजूला बसवलाय?

"मावशी, कसला आचारी? आपण निस्तं सांगायला गेल्तो ना?"

"निस्तं सांगायला?" साळुबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आरं, कुंकवाचा करंडा घेऊन, घरात कोण कोण हाय ते इचारून, निस्तं सांगायला कोण जातं का कुणाच्या दारात? चूलबंद आवतण झालं ते! आळीत येकाची चूल पेटली न्हाई सकाळधरनं."

चूलबंद आवतण म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं, घरात चूलसुद्धा पेटवायची नाही असं. वस्तीवर वाढलेल्या अमृतने शब्द ऐकला होता, पण ते देताना नेमकं काय करतात, हे त्याने कधी बघितलं नव्हतं. आता त्याला सासऱ्यांचे दात, धुराडं, सुनेचा भाऊ, सगळं एकदम कळलं. इतकं सगळं एकदम कळणं बरं नसतं.

गेणभाऊ पुढे आले. बायकोच्या तोंडाकडे बघून त्यांना समजायचं ते समजलं. ते हळू आवाजातच म्हणाले, की मागच्या पोरांनी निदान आळी उपाशी ठेवली नव्हती. यातलं एक माणूस जरी न जेवता उठून गेलं, तर ती तक्रारच समजायची.

अमृत लोकांना खरं सांगून माफी मागायला निघाला. साळुबाईंनी त्याचा दंड धरला. पंगतीला बसलेल्या माणसाला तुला आवतण नव्हतं असं म्हणायचं नसतं, मग काहीही होवो, असं त्यांनी बजावलं आणि माळ्यावरचं लग्नातलं पातेलं काढायला सांगितलं.

मग जे सुरू झालं त्याला पार्टी म्हणायचं की काय, हे वर्गात पुढे कित्येक दिवस ठरत नव्हतं. ज्योतिबा कुणाची तरी मोटारसायकल घेऊन बाजारपेठेत पळाला आणि तांदूळ-डाळ घेऊन आला. परसात तीन दगडांची चूल मांडली. इतिहासवाले लाकडं फोडू लागले. हर्षालीला घरी कुणी कांदा चिरू देत नसत, ती इथे रडत रडत पाटीभर कांदे चिरत बसली. वरच्या घोंगड्या खाली आणून म्हाताऱ्यांच्या बुडाखाली दिल्या. तोवर म्हणून भेळ वाढली. कुशाबाईंच्या सासऱ्यांनी पेढा तोंडात धरला आणि तो विरघळेपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत.

आळीला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. कॉलेजच्या पोरांचं आवतण असंच असणार, आधी भेळ आणि मग जेवण, असं सगळे धरून चालले. कुशाबाई एकेका पोराला जवळ बोलावून "तू कुणाचा रं?" विचारत होत्या. दोघेजण त्यांच्या माहेरकडून नात्यातले निघाले आणि एकाचं लग्न जवळजवळ ठरलं.

आणि मग जानकू उठला. जानकू आळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. आमटीला उकळी येईस्तोवर बसून काय करायचं, असं म्हणून त्याने घरून पखवाज आणला. मागोमाग टाळ आले. अमृत हात जोडत त्याच्यापाशी गेला, की जरा हळू वाजवा, लोकांना त्रास होईल.

जानकूने आजूबाजूला बघितलं. "कुणाला?"

खरंच होतं ते. त्रास व्हायला आळीत कुणी उरलंच नव्हतं. पखवाज असा कडाडला, की देवळावरची कबुतरं उडाली. पोरांनी निरोपाची भाषणं ओट्यावर उभं राहून, टाळांच्या वर आवाज चढवून केली. कुणाच्या भाषणातलं कुणाला काही ऐकू आलं नाही, तरी बाया पदराने डोळे पुसत होत्या. सहाच्या एसटीला अमृतने मुलींना स्वतः नेऊन बसवलं. ठरवल्यापैकी ही एक गोष्ट तरी ठरल्यासारखी झाली, म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

तो परत आला तर पखवाज थांबला होता. सगळी पंगत एकाच दिशेने बघत होती. आळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून सावळेराम उभा होता.

एक तक्रार. ती चालत आली होती.

सावळेराम गेणभाऊंकडे न बघता अमृतला म्हणाला, "पोरा, तुझ्या मालकाला सांग, माझी तक्रार हाय."

गेणभाऊ सावळेरामकडे न बघता अमृतला म्हणाले, "इचार त्याला, काय तक्रार हाय."

दोघे तीन हातांच्या अंतरावर उभे. मध्ये अमृत. त्याने विचारलं.

"सगळ्या आळीला आवतण. आमाला का न्हाई?"

खोटं बोलायची अमृतची ताकदच संपली होती. तो म्हणाला, "काका, तुमच्या घरापर्यंत आवाज येणार न्हाई असं वाटलं, म्हणून."

"आवाज आला," सावळेराम म्हणाला. "आवतण न्हाई आलं."

अमृतने दोन्ही हात जोडले आणि काका, आत्ता चला, माझं चुकलं, पानावर बसा, अशी विनवणी केली. सावळेरामने मान हलवली. असा दारात येऊन जेवणारा माणूस मी नव्हे, असं तो म्हणाला. आवतण माणसाच्या घरी येतं, तेही घरच्या माणसाच्या तोंडून, भाडेकरूच्या नव्हे. एवढं बोलून तो वळणाकडे चालू लागला.

आता सगळ्यांचे डोळे गेणभाऊंवर. पेच मोठा होता. तक्रार खरी मानली, तर अटीप्रमाणे पोरांना घालवायला हवं. पण पोरांना घालवायचं म्हणजे सावळेरामचं बरोबर होतं, असं सगळ्या आळीदेखत कबूल करायचं. आणि तक्रार मिटवायची, तर त्याच्या दारात जायचं. गेणभाऊंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग पुन्हा काढली. अमृत त्या टोपीकडे बघत होता, कारण त्याचं वर्ष आता त्या टोपीत होतं.

साळुबाईंनी करंडा आणला आणि नवऱ्यापुढे होऊन वळणाची वाट धरली.

गेणभाऊ त्यांच्यामागे निघाले. त्यांच्यामागे अमृत, कारण एवढं झालं तरी त्याची बघायची खोड जात नव्हती. वळणावरून बघतो तर काय? आत्ता पंगतीपाशी येऊन गेलेला सावळेराम आपल्या ओट्यावर मांडी घालून दोरी वळत बसला होता, जसं काही सकाळपासून हललाच नाही. धाप मात्र लागली होती.

"कोण, गेणू?" त्याने मान वर केली. "आज इकडं कुणीकडं?"

गेणभाऊंनी घसा साफ केला. तो साफ व्हायला बराच वेळ लागला.

"जेवायला चल," ते म्हणाले.

"आमी पाच जण हाओत घरात."

"पाची चला."

सावळेरामच्या हातातली दोरी थांबली. साळुबाई कुंकू लावायला आत गेल्या, आणि आतून बायकांच्या बोलण्याचा असा लोंढा सुरू झाला, की इतकी वर्षं त्यांनी तो कुठे अडवून ठेवला होता देव जाणे. दोघे भाऊ मात्र ओट्यावर गप्पच बसले होते. पण एकाच ओट्यावर. अमृतला का कोण जाणे, एकदम रडू आलं. कांद्याचं निमित्त सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तो मारुतीच्या मागे जाऊन रडला.

पातेल्याच्या तळाला गेलेल्या आमटीत तीन तांबे पाणी पडलं आणि पंगत पुरी झाली. सावळेराम पोटभर जेवला. हात धुताना त्याने अमृतला बोलावलं आणि आपली खरी तक्रार सांगितली. पखवाज देवळाच्या वळणावर नीट ऐकू येत नाही, तेव्हा पुढच्या वेळेला एक भोंगा त्याच्या घराकडे तोंड करून लावावा. गेणभाऊंनी ते ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं. पेट्यांचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृत पुस्तक उघडून बसला, तर जिन्यावर बांगड्या वाजल्या. कुशाबाई करंडा घेऊन आल्या होत्या. केलेलं आवतण फेडायचं असतं, तेव्हा आज दोघांनी त्यांच्याकडे जेवायचं. त्या गेल्या आणि जानकूची बायको आली, उद्यासाठी. दुपारपर्यंत परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी आवतणांत गेल्या. आदली संध्याकाळ सावळेरामने मागून घेतली होती. एवढी तक्रार मिटवून राखलेल्या खोलीत आता अभ्यासाला बसायचं कधी, हे काही अमृतला समजेना.

घोंगड्या झटकताना ज्योतिबा म्हणाला, "पण गड्या, बोललास तसं केलंस. मांजराची झोप काय मोडली न्हाई."

खरंच! मालकांचं मांजर काल दिवसभर मागच्या कोठीत हरभऱ्याच्या पोत्यावर झोपून होतं. पखवाज झाला, भाषणं झाली, दोन भावांचं मिटलं, तरी त्याने डोळा उघडला नव्हता. अमृतची छाती पुन्हा थोडी वर आली.

तेवढ्यात खालून साळुबाईंनी हाक मारली, की सगळी आळी जेवली, आमच्या मनीला कुणी काही ठेवलं नाही, ती सकाळपासून रिकाम्या पातेल्यापाशी ओरडत बसलीय.

अमृतने घाईघाईने बशीत दूध ओतलं आणि जिना उतरला. आळीतून एकही तक्रार राहायला नको होती. मनीला नुसती बशी दाखवायची, की आधी तिच्या पोत्यापाशी जाऊन आवतण द्यावं लागेल, हे त्याला साळुबाईंना विचारायचं होतं.